कारणमीमांसक

जन्म सदाशिव पेठेतला आणि मुक्काम पानिपत. अशा माणसाला लोक भाऊसाहेब म्हणणार नाहीत तर काय म्हणतील? त्यांचं खरं नाव वीजबिलावर आहे, ते तिथे सुखात असो. 1998 साली पानिपतची रिफायनरी सुरू झाली, त्या सुमारास भाऊसाहेब बडोद्याकडून बदली होऊन इथे आले. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी केली, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळुरूला. दोघंही बोलावून दमली. "मी गेलो तर काला अंब कोण दाखवणार?" एवढं विचारून भाऊसाहेब दोघांना गप्प करतात.

प्रश्न अगदीच पोकळ नाही. दिल्लीपासून जीटी रोडने नव्वदेक किलोमीटरवर मराठी बोलणारं, वरण-भात देणारं आणि वर ऐतिहासिक माहितीही देणारं घर आहे ही बातमी महाराष्ट्रात कशी कोण जाणे, पण चांगलीच पसरलेली आहे. वैष्णोदेवीला जाणारे, कुरुक्षेत्राला जाणारे, मुलाला यूपीएससीच्या क्लासला सोडायला दिल्लीत आलेले, सगळ्यांना पानिपतात "उतरून जरा दर्शन" घ्यायचं असतं. पराभवाच्या जागेचं दर्शन घेणारे लोक जगात फार नसतील. आपण मात्र डबे बांधून जातो.

काला अंब शहरापासून सातआठ किलोमीटरवर. कुंपणाच्या आत विटांचा एक स्तंभ, आजूबाजूला बाग. 14 जानेवारी 1761 ला इथे एवढं रक्त सांडलं की आंब्याचं झाड काळं पडलं, अशी आख्यायिका आहे. ते झाड केव्हाच वठलं, त्याच्या लाकडाची दारं केली म्हणतात. पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या, विशेषतः एखाद्या मावशींच्या डोळ्यांत इथे पाणी येतं. नेमक्या त्याच क्षणी भाऊसाहेब म्हणतात, "आता हे काळं का पडलं, ते बघा. आंब्याच्या सालीत टॅनिन असतं. रक्तात लोह. टॅनिन आणि लोह एकत्र आलं की काळा रंग धरतो. जुन्या काळी शाई अशीच करायचे. म्हणजे आख्यायिका खोटी असेलही, पण रसायनशास्त्र बरोबर आहे." मावशींचं पाणी जागच्या जागी आटतं.

हा भाऊसाहेबांचा पिंड. काय झालं याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. का झालं, हे सापडलं की झालं. पानिपत का हरलो, याची त्यांची कारणं क्रमाने लावलेली आहेत. यात्रेकरू आणि बुणग्यांचं लटांबर, सूरजमल जाटाचं निघून जाणं, गोविंदपंत बुंदेले पडल्यावर तुटलेली रसद, आणि शेवटी इब्राहिमखान गारद्याच्या भरवशावर बांधलेला गोल, जो इतर सरदारांना नीट उमगलाच नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा खुलतो. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटतं, आपण बहुधा जिंकलोच होतो.

अशा घरातला फ्लश बिघडला.

बिघाड म्हटलं तर साधा होता. कमोडमध्ये बारीक धार सारखी वाहत राहायची, टाकी पुरती भरायची नाही, आणि बटण दाबलं की गडगडाट व्हायच्या ऐवजी म्हातारं माणूस खाकरतं तसा आवाज यायचा. वहिनींनी डिसेंबरच्या सुरुवातीला सांगितलं, "अहो, प्लंबरला बोलवा." या वाक्यात 'प्लंबर' हा शब्द आला नसता तर पुढचं सगळं टळलं असतं. रिफायनरीतल्या अजस्र टाक्यांमधली क्रूडची पातळी ज्या माणसाने आयुष्यभर सांभाळली, त्याच्या सहा लिटरच्या टाकीला बाहेरचा माणूस हात लावणार? "लेव्हल कंट्रोल आहे ते," भाऊसाहेब म्हणाले. "माझा विषय आहे."

मी दिल्लीहून गेलो तेव्हा टाकीचं झाकण उतरवून बाहेर गॅलरीत उन्हाला ठेवलं होतं, आणि भाऊसाहेब कमोडवर उलटे, म्हणजे भिंतीकडे तोंड करून, स्वेटर आणि माकडटोपी घालून बसले होते. हातात टॉर्च. शेजारी वॉशबेसिनवर डायरी. मला आत बोलावून त्यांनी टाकीत बघायला लावलं. पाण्याच्या वरच्या रेषेवर क्षारांचा पांढरा काठ चढला होता. हरियाणातल्या बोअरचं पाणी, त्यात डाळसुद्धा शिजत नाही. मधोमध फ्लशचा व्हॉल्व्ह, त्याच्या बुडाशी काळं रबरी वॉशर, आणि बाजूच्या बॉल कॉकचा फ्लोट थोडा तिरका होऊन तरंगत होता.

"दोनच शक्यता," ते म्हणाले. "एक, वॉशर नीट बसत नाहीये आणि खालून गळतंय. दोन, फ्लोट वेळेवर बंद करत नाहीये, पाणी प्रमाणाबाहेर चढतंय आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून कमोडमध्ये उतरतंय. लक्षण एकच, रोग दोन. डॉक्टर आणि इतिहासकार इथेच चुकतात."

मग त्यांनी परीक्षा सांगितली, आणि ती खरोखर चांगली आहे. कुणाच्या घरी फ्लश गळत असेल तर करून बघावी. टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारायची. भिंतीवरचा अँगल कॉक बंद करायचा. तासाभराने बघायचं. पाणी रेघेच्या खाली गेलं तर दोष वॉशरचा. रेघेवर थांबलं तर दोष फ्लोटचा. माणसाने एक तास थांबून बघितलं असतं. भाऊसाहेबांनी रात्रभर दर तासाला उठून नोंदी घेतल्या. डायरीत वेळ, पातळी, बाहेरचं तापमान. पहाटे चारच्या नोंदीपुढे 'धुकं' असंही लिहिलेलं होतं. धुक्याचा फ्लशशी काय संबंध, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर संबंध निघाला असता.

पाणी खाली गेलं होतं. म्हणजे वॉशर. कुणीही इथे थांबून वॉशर आणायला गेला असता. पण एका पुराव्यावर निष्कर्ष काढणं ही बखरकारांची पद्धत, भाऊसाहेबांची नव्हे. दुसरा पुरावा हवा. टाकीच्या पाण्यात रंग घालायचा, फ्लश न दाबता पाव तास थांबायचं, आणि कमोडमध्ये रंग उतरतो का पाहायचं. वहिनींच्या फडताळात खाण्याच्या रंगाच्या दोन बाटल्या होत्या, एक केशरी आणि एक हिरवी.

त्यावर घरात अर्धा तास विचारविनिमय झाला. केशरी रंग कमोडमध्ये? तोही पानिपतात, संक्रांत तोंडावर आलेली असताना? शक्यच नाही. मग हिरवा? भाऊसाहेब सज्जन माणूस. शेजारी कुणाला कळलं तर काय अर्थ काढतील, असं त्यांनाच वाटलं. मी निळी शाई सुचवली, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललो नाही. या देशात असा एकही रंग उरलेला नाही जो संडासात निर्धास्तपणे ओतता येईल. शेवटी वहिनी स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी इन्स्टंट कॉफीचे दोन चमचे टाकीत टाकले. "हिला कुणाचा झेंडा नाही," म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या. पाव तासाने कमोडमध्ये फिकट कॉफी उतरली. भाऊसाहेबांनी डायरीत लिहिलं : 'सिद्ध.'

आता वॉशर आणायचं. पानिपतचा बाजार म्हणजे घोंगड्या, चादरी आणि पचरंगा लोणचं. जगभरातले जुने कपडे इथे येतात, त्यांचं सूत निघतं आणि त्या सुताच्या ब्लँकेटी होऊन पुन्हा बाहेर जातात. जुन्याचं नवं करण्यात हे गाव पटाईत. सॅनिटरीवाल्याने वॉशर दिलं, "ओरिजनल है जी" म्हणाला. भाऊसाहेबांनी घरी आणून कॅलिपरने मोजलं. जाडी कमी. बसवलं, तर धार आधीपेक्षा मोठी.

"तोतया," भाऊसाहेब म्हणाले.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला होता, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ही शिवी कळणार नाही. पेशवाईत बरीच वर्षं त्याचं बंड चाललं, चांगली चांगली माणसं फसली आणि 1776 साली त्याला देहान्त दिला. भाऊसाहेबांनी ही सगळी हकिगत हातात ते वॉशर धरून मला सांगितली. वॉशर परत द्यायला मात्र ते गेले नाहीत. "त्याला का लाज वाटेल? त्याने विकलं, मी घेतलं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनासुद्धा शेवटपर्यंत ते जिवंत आहेत असंच वाटत होतं." वहिनी तिथून जाता जाता एवढंच म्हणाल्या, "त्यांच्याकडे फ्लश नव्हता."

हे मात्र खरं, आणि भाऊसाहेबांनी ते लगेच उचललं. वाकडी नळी, जिच्यात पाणी अडून राहतं आणि गटाराचा वास वर येत नाही, तिचं पेटंट लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने 1775 साली घेतलं. "पानिपतानंतर चौदा वर्षांनी!" भाऊसाहेब म्हणाले. "घड्याळजीने! म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाने." त्याआधी 1596 च्या सुमारास इंग्लंडात जॉन हॅरिंग्टन नावाच्या एका सरदाराने फ्लश बनवून राणी एलिझाबेथलाही बसवून दिला होता, पण तो काही चालला नाही. हे सारं ज्ञान दिल्लीतल्या सुलभच्या शौचालय संग्रहालयातलं. बिंदेश्वर पाठकांनी पालमजवळ उभारलेलं ते संग्रहालय भाऊसाहेबांचं दुसरं तीर्थक्षेत्र. काला अंब पाहून झालेल्या पाहुण्यांना परतीच्या वाटेवर ते तिथे पाठवतात. तिथून आल्यापासून घरी दोन खड्ड्यांचा सुलभ संडास बांधायचा त्यांचा विचार होता. त्याला एकावेळी लिटर-दीड लिटर पाणी पुरतं. पण ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि खाली राहणारे सरदारजी खड्ड्याला तयार झाले नाहीत.

अखेर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वहिनींनी स्वतःच प्लंबरला फोन केला. पुण्याहून आणि साताऱ्याहून मिळून पाहुण्यांची एक टेम्पो ट्रॅव्हलर तेराला संध्याकाळी येणार होती; वहिनींची काळजी रास्त होती. मी त्या दिवशी तिथे होतो म्हणून सांगतो, फ्लश त्या दिवशी दुरुस्त होण्याच्या अगदी बेतात आला होता.

प्लंबर तरुण, उंच, कामाचा वाटला. झाकण काढलं, हात घातला, "वाशर गळ लिया जी, चालीस का आवेगा, दस मिनट का काम सै," एवढं म्हणून त्याने पान्याला हात घातला. तेवढ्यात त्याची नजर दिवाणखान्यातल्या शिवाजी महाराजांच्या तसबिरीवर गेली.

"आप महाराष्ट्र के हो जी? हम भी मराठे सैं."

झालं. भाऊसाहेबांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि त्याला दिवाणखान्यात सोफ्यावर बसवलं.

हरियाणात कर्नाल, पानिपत, कुरुक्षेत्र, कैथल या भागांत रोड समाज आहे. पानिपतच्या रणातून वाचलेले मराठे इथेच लपून राहिले आणि त्यांचे हे वंशज, असं त्यांच्यातले अनेक जण मानतात. कोल्हापूरचे इतिहास संशोधक वसंतराव मोरे यांनी या विषयावर पुष्कळ काम केलं. हे मत न पटणारे अभ्यासकही आहेत. माझं मत विचाराल तर ज्याला आपण पानिपतात हरलेल्यांचा वंशज आहोत हे अभिमानाने सांगावंसं वाटतं, त्याच्याकडे पुरावा मागू नये. भाऊसाहेबांनी मागितला. म्हणजे प्रेमाने, पण मागितला. घरात लग्नाच्या कुठल्या चालीरीती आहेत? संक्रांतीला काय करता? आजी कुठल्या शब्दांत अंगाई म्हणायची? गोत्राचं नाव काय? प्लंबर बिचारा आठवून आठवून सांगत होता, भाऊसाहेब डायरीत लिहून घेत होते. फ्लशच्या नोंदी जिथे संपल्या त्याच पानावर. वहिनींनी चहा दिला, पोहे दिले, दुसऱ्यांदा चहा दिला. प्रत्येक वेळी ट्रे ठेवताना त्या संडासाच्या दाराकडे पाहायच्या. प्लंबरही पाहायचा. उठायला लागला की भाऊसाहेब, "बैठो, बैठो, अभी तो बात चल रही है," म्हणायचे.

अंधार पडायला लागला तेव्हा प्लंबरला दुसऱ्या घरून फोन आला. जाताना त्याने भाऊसाहेबांच्या पायांना हात लावला. भाऊसाहेबांनी त्याला तिळाच्या वड्यांचा डबा दिला. मजुरी घ्यायला तो तयार नव्हता. अर्थात, घेण्यासारखं काही झालंही नव्हतं.

तेराला, गावभर लोहडीच्या शेकोट्या पेटलेल्या असताना, टेम्पो ट्रॅव्हलर आली. चौदा माणसं, त्यांत पाच ज्येष्ठ नागरिक. चौदाला पहाटे पाच वाजता थंडीने बोटं वळत नव्हती आणि भाऊसाहेबांच्या पॅसेजमध्ये स्वेटर, शाली, मफलर घातलेली रांग उभी होती. दाराजवळ एक भरलेली बादली आणि तिच्याशेजारी भाऊसाहेब.

"सगळ्यांनी नीट ऐका," ते म्हणाले. "तांब्याने थोडं थोडं ओतायचं नाही. दहा तांबे ओतलेत तरी काहीही होणार नाही. आतली नळी वाकडी आहे. थोडं पाणी टाकलं की तेवढंच पाणी पलीकडे सांडतं, आणि जे जायला हवं ते जागेवरच राहतं. बादली दोन्ही हातांनी धरायची, कंबरेच्या उंचीवर, आणि एका दमात! एका दमात ओतलं की पाणी बाकाच्या वर चढतं, नळी पूर्ण भरते, आणि मग ते आपल्याआपण मागचं सगळं ओढून नेतं. याला सायफन म्हणतात. तुकड्यातुकड्याने हल्ला केला तर काय होतं, ते आपण आज संध्याकाळी काला अंबला पाहणारच आहोत."

साताऱ्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांनी रांगेतूनच हात वर करून शंका विचारली, की गुडघे दुखत असतील तर? भाऊसाहेबांनी अर्धी बादली आणि जास्त उंची असा पर्याय दिला आणि त्यामागचं गणितही सांगायला घेतलं. पण मुख्याध्यापकांना तेवढा वेळ नव्हता.

गंमत अशी, की पाहुणे खूश होऊन गेले. काला अंबला त्या दिवशी महाराष्ट्रातून आलेली बरीच गर्दी होती, घोषणा चालल्या होत्या, भगवे झेंडे होते. त्या गर्दीच्या कडेला भाऊसाहेबांनी आपल्या चौदाजणांना गोलात उभं करून गोल म्हणजे काय ते समजावलं. कोण आत, तोफा कुठे, विंचूरकर-गायकवाड फळी सोडून पुढे धावले म्हणजे भोक कुठे पडलं. परत जाताना मुख्याध्यापक मला म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं इतिहास शिकवला, पण पानिपत मला आज पहाटे कळलं."

मग एक विचित्र गोष्ट घडली. पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या रात्री फ्लश आपोआप सुरू झाला. वहिनींनी सवयीने बटण दाबलं आणि घर दणाणलं. टाकी भरली, धार थांबली, कमोडचं पाणी आरशासारखं स्थिर. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. माझा अंदाज असा, की वॉशरखाली अडकलेला क्षाराचा एखादा कपचा त्या बादल्यांच्या हादऱ्यांनी सुटून वाहून गेला असावा. पण मी पडलो पत्रकार, माझ्या अंदाजाला कोण विचारतो.

रात्री अकरा वाजता भाऊसाहेबांचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"अरे, सुरू झालाय."

"वा! अभिनंदन."

"अभिनंदन कसलं? का सुरू झाला?"

"झाला ना, भाऊसाहेब. आता झोपा."

"वॉशर तेच आहे. फ्लोटला मी हात लावलेला नाही. कारणाशिवाय कार्य होतं का? आज सुरू झाला, उद्या बंद पडेल, तेव्हा मी काय सांगू? बिघाड परवडतो रे, बिघाडाचा मागोवा तरी घेता येतो. हे असलं यश माणसाला झोपू देत नाही."

सकाळी मी चहा पीत असताना पुन्हा पानिपतचा नंबर दिसला. या वेळी वहिनी होत्या. मागे कुठेतरी पाण्याचा जोरात आवाज येत होता आणि त्याहून जोरात भाऊसाहेब कुणाला तरी अँगल कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांगत होते.

"तू रविवारी येणार आहेस ना?" वहिनींनी विचारलं.

"हो, यायचा विचार आहे. का?"

"ये की. कढी-खिचडी करते. फक्त यांनी झाकण परत उघडलंय," त्या म्हणाल्या. "तेव्हा दिल्लीहूनच आटोपून निघ."